फ्रेझल व्हर्ब वाचताना कळतात, बोलताना निसटतात: इंदूरच्या मराठी मंडळींसाठी क्रमाने तपासणी

आधी लक्षणं बघा. यातली तीन-चार जरी जुळत असतील, तरी पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- 'पुट ऑफ' छापलेलं दिसलं की अर्थ कळतो, पण स्वतः बोलताना दरवेळी 'पोस्टपोन'च येतं. त्रास 'टॉलरेट' होतो, चौकशी 'इन्व्हेस्टिगेट' होते, शेव 'फिनिश्ड' होते.
- सबटायटल चालू असताना सीरिज समजते. ती बंद केली की नेमकी साध्या शब्दांची वाक्यंच कळेनाशी होतात.
- 'टर्न ऑफ इट', 'पिक अप हिम' असं तोंडून जातं आणि त्यात काय चुकलं ते कळत नाही.
- नको तिथे शेपूट लागतं: 'कोप अप विथ', 'रिटर्न बॅक'. हवं तिथे गळतं: 'फिल द फॉर्म', 'पिक द फोन', 'ऑन द फॅन'.
- बूट काढायचे असोत की एटीएममधून पैसे, सगळीकडे 'रिमूव्ह'.
- 'गिव्ह अप', 'गिव्ह इन', 'गिव्ह आउट' एकदम पाठ केले होते, पंधरा दिवसांत तिन्हींची खिचडी झाली.
- 'मीटिंग ब्रॉट फॉरवर्ड झाली' असा मेल आला आणि तुम्ही ती पुढे गेली असं समजून निवांत बसलात.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे साधं क्रियापद आणि त्याच्या मागे अप, ऑफ, आउट, ऑन, डाउन, ओव्हर असा छोटा शब्द. या मागच्या शब्दाला व्याकरणात पार्टिकल म्हणतात. दोन्ही शब्द पहिलीतल्या मुलालाही माहीत असतात. अडचण तिथेच आहे. अवघड शब्द आला की माणूस शब्दकोश उघडतो, 'टेक' आणि 'ऑन' दिसले की पुढे सरकतो.

'पाठांतर कमी पडतं' हे निदान बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. रामबागेतल्या घरात मराठी, राजवाड्यावर हिंदी आणि सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसात इंग्रजी, अशा तीन भाषांत वावरणाऱ्याची स्मरणशक्ती कमी असण्याचं कारण नाही. बिघाड तीन ठिकाणी असू शकतो: मागचा शब्द कानात शिरत नाही, मराठी-हिंदी तेच काम वेगळ्या अवजाराने करतात, किंवा शाळेत शिकलेलं इंग्रजी मुळात लिहिण्याचं होतं. तिघांवरचा इलाज वेगवेगळा आहे, म्हणून तपासणीही क्रमानेच करायची. सुरुवात फुकटच्या तपासण्यांपासून.

पहिली तपासणी: बिघाड नेमका कुठे आहे?

लागतं काय? एक कागद, एक मदतनीस आणि वीस मिनिटं. ही वीस घ्या: गो ऑन, कॅरी आउट, सेट अप, पिक अप, पॉइंट आउट, फाइंड आउट, मेक अप, टेक ओव्हर, वर्क आउट, टर्न आउट, टेक ऑन, गिव्ह अप, गेट अप, पुट ऑफ, टर्न ऑफ, लुक आफ्टर, रन आउट ऑफ, फिल इन, ड्रॉप ऑफ, हँड ओव्हर. मदतनीसाने शब्दकोशातून प्रत्येकाचं एक उदाहरणवाक्य आणि त्याचा मराठी अर्थ उतरवून ठेवायचा.

कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात वाक्य वाचून अर्थ कळला का. दुसऱ्यात तेच वाक्य कागद न बघता, नेहमीच्या वेगात ऐकून कळलं का. तिसऱ्यात फक्त मराठी वाक्य बघून, तीन सेकंदांच्या आत, ते फ्रेझल व्हर्ब तोंडून आलं का. तिसरा रकाना आधी भरा, मग दुसरा, शेवटी पहिला. उलट क्रमाने गेलात तर वाचलेलंच बोलून दाखवाल आणि आकडा खोटा येईल.

पहिल्याच रकान्यात बारापेक्षा कमी खुणा असतील तर शब्दच कमी आहेत. दुसऱ्या तपासणीकडे जा. पहिला भरलेला आणि दुसरा रिकामा, तर दोष ऐकण्यात आहे, चौथी तपासणी. पहिले दोन्ही भरलेले आणि तिसरा ओसाड, तर तुम्ही ती क्रियापदं टाळता आहात.

हे टाळणं तुमच्या एकट्याचं नाही, आणि आळसही नाही. डागुट आणि लॉफर या संशोधकांनी १९८५ मध्ये हिब्रू भाषकांवर केलेला अभ्यास दाखवतो की फ्रेझल व्हर्बच्या जागी ते एकशब्दी क्रियापद पसंत करतात, आणि अर्थ जितका लाक्षणिक तितकं टाळणं जास्त. हिब्रूत अशी रचनाच नाही. मग १९८९ मध्ये डच भाषकांची पाहणी झाली. डचमध्ये ही रचना आहे, तरी तेही लाक्षणिक अर्थाची फ्रेझल व्हर्ब टाळताना दिसले. २००४ मध्ये चिनी भाषकांवर झालेल्या अभ्यासात पातळी वाढली तसं टाळणं कमी झालेलं दिसलं. म्हणजे मातृभाषेची रचना, अर्थाचा आडपडदा आणि तुमची पातळी, तिन्ही गोष्टी एकत्र काम करतात. मराठी आणि हिंदीतही क्रियापदामागे 'अप-ऑफ' येत नाही, त्यामुळे रस्त्यावरची हिंदी कितीही पक्की असली तरी या बाबतीत ती वेगळी मदत करत नाही.

दुसरी तपासणी: यादी किती लांब आहे?

भंवरकुआंच्या कोचिंगमधून किंवा फोनवरून आलेली हजार फ्रेझल व्हर्बची पीडीएफ तुमच्याकडे असेल, तर ती बाजूला ठेवा. यात खर्च शून्य आणि फायदा मोठा.

गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ मध्ये दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये, म्हणजे खऱ्या वापरातल्या ब्रिटिश इंग्रजीच्या संग्रहात, मोजणी केली. इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब हजारोंनी आहेत, पण फक्त २५ फ्रेझल व्हर्बनी एकूण वापराचा सुमारे तिसरा हिस्सा व्यापला आणि १०० नी निम्म्याहून जास्त. गो ऑन, कॅरी आउट, सेट अप, पिक अप, पॉइंट आउट, फाइंड आउट ही सगळी त्या यादीच्या वरच्या भागात आहेत. म्हणून सुरुवात पंचवीसपासून करा. आठवड्याला पाच घेतलीत तर पाच आठवडे लागतील. त्याहून वेग वाढवू नका.

अर्थांचा मामला मात्र जरा गुंतागुंतीचा आहे. त्याच मोजणीत वरच्या १०० फ्रेझल व्हर्बना सरासरी साडेपाचाहून जास्त अर्थ निघाले. 'पिक अप' म्हणजे उचलणे, कुणाला घ्यायला जाणे, भाषा ऐकून-ऐकून शिकणे, वेग घेणे. सगळे एकदम शिकायची गरज नाही. गार्नियर आणि श्मिट यांनी २०१५ मध्ये १५० फ्रेझल व्हर्बचे फक्त नेहमी वापरले जाणारे अर्थ वेगळे काढले, तेव्हा ते २८८ भरले. म्हणजे एकाला साधारण दोन. तुमच्या वहीतही एका फ्रेझल व्हर्बसमोर दोनच अर्थ लिहा; तिसरा कुठे वाचनात भेटेल तेव्हा लिहा.

यादीचा क्रमही बघा. 'गिव्ह'ची सगळी पिल्लं एकाच दिवशी घेतली तर ती एकमेकांना खातात: रूप सारखं, अर्थ वेगळे, आणि मेंदूला धरायला खुंटी एकच. आज 'गिव्ह अप' घेतलं तर 'गिव्ह इन' तीन आठवड्यांनी घ्या.

तिसरी तपासणी: जिभेवर आधीच असलेला माल

ही तपासणी सहसा कुणी करत नाही. सेटअप, बॅकअप, फॉलोअप, चेकअप, मेकअप, गेटअप, ब्रेकअप, पिकअप, लॉगिन, वर्कआउट, हँडओव्हर, टेकओव्हर, चेकआउट. इंदूरच्या मराठी घरात हे शब्द दिवसभर कानावर पडतात. सगळे फ्रेझल व्हर्बपासून बनलेले आहेत, पण मराठीत ते नाम म्हणून आले आणि त्यांच्यापुढे आपण 'करणे, घेणे, देणे' लावलं. 'फॉलोअप घ्या', 'हँडओव्हर दे', 'सेटअप करून टाक'. मग इंग्रजी बोलतानाही हीच जोडी उलथून येते: 'टेक फॉलोअप', 'गिव्ह हँडओव्हर', 'डू द सेटअप'.

दुरुस्ती सोपी आहे. नामाचे दोन तुकडे करा आणि 'करणे' काढून टाका. 'आय विल सेट अप द प्रिंटर.' 'प्लीज फॉलो अप विथ द क्लायंट.' 'शी हँडेड ओव्हर द कीज.' उच्चारही बदलतो: नाम असताना जोर पहिल्या तुकड्यावर असतो, क्रियापद असताना मागच्या छोट्या शब्दावर. या तेरांपैकी दहा तरी अशा उलगडून वाक्यात वापरता आल्या तर यादीची सुरुवात झालीच म्हणायची, पाठांतर न करता.

'ऑन' आणि 'ऑफ'चंही असंच झालंय. 'पंखा ऑन कर, लाइट ऑफ कर' यात 'करणे' हे क्रियापद आहे. इंग्रजीत जाताना 'करणे' गळतं आणि 'ऑन द फॅन' उरतं. तिथे 'टर्न' किंवा 'स्विच' लावा.

काही शब्द इथे आले आणि त्यांचा अर्थ सरकला, ते वेगळे लिहून ठेवा. भारतात 'आय पास्ड आउट इन २०१९' म्हणजे पदवी मिळाली. बाहेरच्या ग्राहकाला मात्र ऐकू येतं, की २०१९ मध्ये तुम्ही बेशुद्ध पडलात. त्याच्याशी बोलताना 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

चौथी तपासणी: मागचा शब्द ऐकू येतो का?

हेडफोन आणि फोन पुरेत. ऐकताना बिघाड बहुधा इथेच असतो, म्हणून या तपासणीला वेळ द्या.

मराठीत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा वेळ मिळतो आणि जोर कुठे दिला यावर शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत शब्द एकमेकांत विरघळतात. 'पिक इट अप' कानावर 'पिकिटप' असं येतं. 'टेक हिम आउट'मधला 'ह' पडतो आणि 'टेकिमाउट' उरतं. अमेरिकन तोंडी 'पुट इट ऑफ'चं जवळजवळ 'पुडिडॉफ' होतं, कारण दोन स्वरांमधला 'ट' तिथे मऊ पडतो. आपला कान तीन शब्द शोधत असतो, त्याला एकच अनोळखी शब्द मिळतो.

करायचं असं. संवादाची तीस सेकंदांची क्लिप घ्या, जिचा मजकूर तुमच्याजवळ आहे. मजकूर न बघता तीनदा ऐका आणि शब्दशः लिहा. मग पडताळा. गळलेल्या शब्दांखाली रेघ ओढा. रेघा बहुतेक 'अप, इट, आउट, ऑफ' यांच्याखाली पडल्या तर निदान पक्कं. आता क्लिपचा वेग पाऊणपट करून ऐका, मग मूळ वेगात, आणि शेवटी बोलणाऱ्याच्या बरोबरीने तसंच चिकटवून बोला. 'पिक. इट. अप.' असं तोडून बोलत राहिलात तर कान सुधारणार नाही. जे तोंडाला जमलं ते कानालाही ओळखू येतं. दिवसाला एक क्लिप, दहा मिनिटं, तीन आठवडे.

'ऑफ'चं एक वेगळं दुखणं आहे. एक एफवालं आणि दोन एफवालं, दोन्हींचा उच्चार आपण 'ऑफ' असाच करतो. एक एफवाल्याचा उच्चार खरं तर 'अव्ह'च्या जवळ जातो आणि पटकन बोलताना नुसता 'अ' उरतो. हा फरक तोंडात आला नाही तर 'रन आउट ऑफ'मधला 'ऑफ' आणि 'टर्न ऑफ'मधला 'ऑफ' एकच वाटत राहतात, आणि लिहिताना एफ कमी-जास्त होतो. 'वी हॅव रन आउट अव्ह शेव' असं म्हणून बघा. शेव संपल्यावर 'शेव इज फिनिश्ड' म्हणण्याची सवय याच वाक्याने मोडते.

पाचवी तपासणी: मराठीचं अवजार कुठे उपयोगी, कुठे घातक?

फ्रेझल व्हर्ब मराठीत नाहीत हे खरं, पण त्यांचं काम करणारी संयुक्त क्रियापदं आहेत. 'खाणे' आणि 'खाऊन टाकणे' यात जो फरक, बराचसा तोच 'ईट' आणि 'ईट अप' यात. क्रिया पुरी झाली, काही उरलं नाही. इंग्रजी हे मागे छोटा शब्द लावून सांगतं, मराठी मागे दुसरं क्रियापद लावून. इंदुरी हिंदीतलं 'निपटा डालो' हे त्याच जातीचं.

'काढणे' नीट बघा. शोधून काढणे म्हणजे फाइंड आउट. निवडून काढणे म्हणजे पिक आउट. हाकलून काढणे म्हणजे ड्राइव्ह आउट. लिहिलेलं खोडून काढणे म्हणजे क्रॉस आउट. चारवेळा 'काढणे' आणि चारवेळा 'आउट' असा योग निव्वळ योगायोग नाही. आतलं बाहेर, लपलेलं उघड्यावर, ही प्रतिमा दोन्ही भाषांत एकच आहे. तसंच 'लिहून घे, लिहून ठेव' म्हणजे राइट डाउन, 'देऊन टाक' म्हणजे गिव्ह अवे, 'पळून जा' म्हणजे रन अवे, 'सोडून दे' म्हणजे गिव्ह अप. अशा जोड्या वहीत समोरासमोर लिहा. इंग्रजी शब्दाला धरायला मराठीची खुंटी मिळते.

पण हीच वाट पुढे फसवते. नुसतं 'काढणे' आलं की डोक्यात 'रिमूव्ह' उठतं. बूट काढणे 'टेक ऑफ', पैसे काढणे 'टेक आउट' किंवा 'विथड्रॉ', चित्र काढणे 'ड्रॉ', वेळ काढणे 'मेक टाइम', नवीन दुकान काढणे 'सेट अप' किंवा 'ओपन'. 'रिमूव्ह युवर शूज' चूक नाही, पाटीवर ते शोभतं. घरी आलेल्या पाहुण्याला 'टेक ऑफ' म्हणा. 'उठणे'ही असंच: झोपेतून जाग येणे 'वेक अप', अंथरुणातून उठणे 'गेट अप', खुर्चीवरून उठणे 'स्टँड अप' किंवा 'गेट अप'. 'घालणे' दोन कामं करतं: कोट अंगावर चढवण्याची क्रिया 'पुट ऑन', अंगावर असण्याची अवस्था 'वेअर'. 'वेअर युवर हेल्मेट अँड कम' हे त्याचमुळे खटकतं.

आता सगळ्यात महागाची चूक, पुढे आणि मागे. मराठीत बैठक पुढे ढकलली म्हणजे ती नंतर होणार. इंग्रजीत 'ब्रॉट फॉरवर्ड' म्हणजे ती अलीकडे आणली, आधी होणार. 'पुश्ड बॅक' म्हणजे नंतर होणार, आणि आपल्या कानाला 'मागे' म्हणजे आधी वाटतं. दोन्ही शब्दांत दिशा आपल्या उलट. गुरुवारची मीटिंग 'ब्रॉट फॉरवर्ड बाय अ डे' झाली तर ती बुधवारी. इथे भाषांतर पूर्ण बंद ठेवा आणि उत्तरात दिवस-तारीख लिहून खात्री करून घ्या: 'सो, वेन्सडे द ट्वेल्फ्थ?' हा एक वाक्याचा उपाय कायमचा ठेवा, इंग्रजी कितीही सुधारलं तरी.

'अप' म्हणजे 'पूर्ण' हे एकदा कळलं की ते सगळीकडे चिकटवण्याचा मोह होतो. 'कोप अप विथ' त्यातूनच पक्कं होतं. बरोबर रूप 'कोप विथ'. आणि 'रिटर्न'मध्ये परतणं आहेच, 'बॅक' नको.

सहावी तपासणी: 'इट' कुठे ठेवायचा?

हे लवकर आटोपतं. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे इट, हिम, हर, देम, तर तो मधे जातो: 'टर्न इट ऑफ', 'पिक हिम अप'. कर्म नाम असेल तर दोन्ही चालतं: 'टर्न ऑफ द फॅन', 'टर्न द फॅन ऑफ'. कर्म लांबलचक असेल तर शेवटीच ठेवा.

पण 'लुक आफ्टर', 'लुक फॉर' यांना तोडता येत नाही: 'लुक आफ्टर हर'. कोणतं तुटतं हे ओळखायला कान वापरा. मागच्या शब्दावर जोर पडत असेल तर ते बहुधा तुटतं ('टर्न इट ऑफ'मध्ये 'ऑफ' ठसठशीत), जोर क्रियापदावरच असेल तर तुटत नाही ('लुक'वर जोर, 'आफ्टर' हलकं). चौथी तपासणी आधी का, ते इथे कळतं. तीन शब्दांची, जसं 'पुट अप विथ', 'रन आउट ऑफ', 'लुक फॉरवर्ड टू', सहसा तोडायची नसतात. 'लुक फॉरवर्ड टू'च्या मागे 'मीट' येत नाही, 'मीटिंग' येतं: 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'.

वहीत नुसतं 'टर्न ऑफ' लिहूच नका, 'टर्न इट ऑफ' लिहा. जागा शब्दाबरोबरच पाठ होते.

सातवी तपासणी: सराव करता की अंदाज?

बहुतेक सराव-कागद असे असतात: 'ही गेव्ह ___ स्मोकिंग', गाळलेली जागा भरा, मग मागे उत्तर बघा. माहीत नसताना असा अंदाज करणं नुकसान करतं. स्ट्राँग आणि बोअर्स यांच्या २०१९ मधल्या अभ्यासात आधी अंदाज करून मग उत्तर बघणाऱ्यांपेक्षा आधी शिकून मग आठवणाऱ्यांना जास्त लक्षात राहिलं, आणि अंदाजातली चुकीची उत्तरं उत्तरपत्रिका दाखवूनही पुन्हा पुन्हा आली. अप, ऑफ, आउट यांत धरायला काही नसतं, म्हणून पहिला चुकीचा शब्दच घट्ट बसतो.

तेव्हा क्रम उलटा करा. पाच पूर्ण वाक्यं आधी वाचा, मोठ्याने म्हणा, मग झाका आणि आठवून लिहा. तीच पाच दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी पुन्हा, दरवेळी आधी झाकून. ज्या दिवशी चुकलं त्या वाक्याचा क्रम पहिल्या दिवसापासून. वाक्यं स्वतःच्या आयुष्यातली हवीत: 'कॅन यू ड्रॉप मी ऑफ अॅट राजवाडा?', 'आय'ल पिक यू अप फ्रॉम द स्टेशन', 'हू इज लुकिंग आफ्टर आजी?'. पुस्तकातला मिस्टर ब्राउन तुमच्या तोंडात राहणार नाही.

आठवी तपासणी: तुमच्या कानावर कोणतं इंग्रजी पडतं?

सगळ्यात वेळखाऊ, म्हणून शेवटी. फ्रेझल व्हर्ब सर्वात जास्त बोलण्यात आणि कथा-कादंबरीत येतात, संशोधनपर लेखनात सर्वात कमी. आपलं इंग्रजी मात्र पाठ्यपुस्तक, अर्ज आणि कार्यालयीन पत्रांतून आलं. शिवाय मराठीत संस्कृतप्रचुर शब्द वजनदार वाटतो तसं इंग्रजीत लॅटिन मुळाचा शब्द वजनदार वाटतो, आणि 'पुट ऑफ' गावंढळ. ही समजूत सोडा. 'कॅरी आउट', 'पॉइंट आउट', 'सेट अप' औपचारिक अहवालातही सर्रास येतात.

एक आठवडा टिपून ठेवा: बातम्या किती मिनिटं, गप्पा किती मिनिटं. गप्पांचा वाटा अगदी नगण्य असेल तर दिवसाला वीस मिनिटं मुलाखती, पॉडकास्ट किंवा कौटुंबिक मालिका लावा. बातम्या आणि भाषणं इथे पुरत नाहीत. दर रविवारी फोनवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा: आज उठल्यापासून काय केलं. मग मोजा, फ्रेझल व्हर्ब किती आले. सुरुवातीला शून्य येईल. पाचव्या आठवड्यात चार-पाच सहज आले तर गाडी रुळावर आहे.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

शांत खोलीत मराठीतसुद्धा 'काय म्हणालात?' असं वारंवार विचारावं लागत असेल, घरचे टीव्हीचा आवाज फार म्हणत असतील, कानात गुणगुण येत असेल, तर चौथी तपासणी तिथेच सोडा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. क्लिपा ऐकून हा दोष जाणार नाही, आणि हेडफोनचा आवाज वाढवत नेलात तर आणखी बिघडेल.

मूल मराठी किंवा हिंदी वाचतानाही अक्षरं गाळत असेल, ओळ चुकत असेल, वयाच्या मानाने फार सावकाश वाचत असेल, तर फ्रेझल व्हर्बची शिकवणी लावू नका. आधी बालरोगतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाकडून लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी. त्या मुलावर याद्यांचा मारा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

इंटरव्ह्यू किंवा आयईएलटीएस पंधरा दिवसांवर असेल तर नवीन काही घेऊ नका. येतात तेवढेच वापरा. चुकीच्या जागी ठोकलेलं 'गिव्ह आउट' साध्या 'स्टॉप'पेक्षा वाईट ऐकू येतं.

आणि आठ आठवडे नेमाने करूनही रविवारच्या रेकॉर्डिंगमध्ये एकही फ्रेझल व्हर्ब येत नसेल, किंवा तीच चूक दरवेळी येत असेल, तर आता एकट्याने रेटू नका, शिक्षक गाठा. फी भरण्याआधी त्यांना विचारा, 'टर्न ऑफ इट' चूक आणि 'लुक आफ्टर इट' बरोबर, असं का? 'असंच असतं, पाठ करा' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. नव्या यादीची झेरॉक्स हातात ठेवणारा शिक्षकही नको. तुमचं रेकॉर्डिंग ऐकून 'या तीन चुका, या आठवड्यात एवढंच' म्हणणारा हवा. पहिल्या तासाला बरोबर न्यायच्या गोष्टी: पहिल्या तपासणीचा तीन रकान्यांचा कागद, शेवटची तीन रेकॉर्डिंगं, आणि रेघा ओढलेला एक श्रुतलेखनाचा कागद.